जशी होती तशी बँक

“निळा. पण आभाळासारखा न्हाई. धोतराला नीळ जास्त झाली की येतो ना, तसा,” कडूबा म्हणाला.

वंदनाने खिडकीजवळची भिंत खरवडली. हिरव्याखाली पिवळा निघाला आणि पिवळ्याखाली खरंच तो निळा. त्या दिवसापासून तिने म्हाताऱ्यावर विश्वास टाकला.

परतूरच्या या जुन्या बँकेचं आता वाचनालय व्हायचं होतं. बँक बंद होऊन तीस वर्षं झालेली. आत फक्त कबुतरं आणि पडलेला चुना. वास्तुरचनाकार म्हणून वंदनाचं हे पहिलंच स्वतंत्र काम. बदनापूरहून ती सकाळच्या गाडीने यायची. इमारत जशी होती तशी उभी करायची, ही अट. पण आतला एकही फोटो कुठे मिळेना.

मिळाला तो कडूबा, ऐंशीच्या घरातला.

“मालकासंगं दर बाजाराला येत व्हतो. कापूस विकला की पह्यले हितं,” त्याने सांगितलं होतं.

धूळ सोसत नाही म्हणून तो समोरच्या लिंबाखालीच बसायचा. डोळे मिटायचा आणि बोलायला लागायचा.

“आत गेलं की बिलकुल गार. डाव्या हाताला लांब बाक, पाठ टेकायला फळी. खेड्यातली माणसं बसायची. कोणी ऊठ म्हणायचं न्हाई.”

“आणि काउंटर?”

“ठेंगणा. बाईमाणसाला बी पलीकडचा साहेब दिसावा असा. साहेब सोता उठून पाणी द्यायचा.”

ऐकता ऐकता वंदनालाही तो गारवा जाणवायचा. ऊन, रस्ता, जीपवाल्यांची हाकाटी, सगळं कुठेतरी लांब जायचं.

वाचनालयाच्या समितीला बाक नको होता. बँकेत असला बाक असतो का, असं त्यांचं म्हणणं.

“होता,” वंदना म्हणाली, आणि तिने अहवालाखाली सही केली.

उद्घाटनाच्या सकाळी तिने कडूबाला हाताला धरून आणलं. दाराशी तो थांबला. पायातलं काढून ठेवलं. आत निळ्या भिंतींवर ऊन सांडलं होतं. बाजाराला आलेल्या दोन बाया बाकावर पुस्तक उघडून बसल्या होत्या. त्या सरकल्या. कडूबाने फळी हाताने चाचपली, सावकाश पाठ टेकली.

“बरोबर झालंय ना, बाबा? होतं तसं?”

कडूबाने ओले डोळे तिच्याकडे वळवले.

“होतं कसं, ते मला काय ठावं, बाई? खिडकीतून निळा रंग तेवढा दिसायचा. आम्हाला आत कुठं येऊ देत व्हते!”