मडमेचे झुबे

दहाव्याला नदीवर निघायच्या आधी आण्णाप्पा घरामागच्या परड्यात गेला आणि कुंडीपुढं तसाच उभा राहिला. झाडावर एक कळी उरली नव्हती.

कॅम्पातल्या मडमेनं विलायतेला जाताना त्याच्या बायकोला, मालुबाईला, ते फुक्सियाचं झाड दिलं होतं. फुलं कानातल्या झुब्यांसारखी खाली लोंबतात म्हणे, म्हणून मालुबाई त्याला मडमेचे झुबे म्हणायची. दुपारचं ऊन आलं की कुंडी सावलीत ओढायची. मुळाशी पाणी साचलं की नवऱ्याला बोलायची. झाडानं कळ्या धरल्या आणि ती गेली. पहिलं फूल तिच्या पिंडावर ठेवायचं, एवढं आण्णाप्पानं ठरवलं होतं.

मेव्हणा भरमा हात पुशीत आला. निपाणीकडं त्याची तंबाखूची शेती.

"शेंडं खुडलो, दाजी. लई वाढलतं. आता बघा, पान कसं हातभर हुतंय."

"पान?"

"मग? फुलावर गेली की तंबाखू वाया जातीया."

"ही तंबाखू हाय?"

भरमानं झाड वरपासून खालपर्यंत निरखलं. "न्हाय व्हय?"

"नदीवरनं आल्यावर बघतो तुझ्याकडं," म्हणून आण्णाप्पा निघाला.

मार्कंडेय नदीच्या काठी पिंड मांडला. बाभळीवर कावळा बसला होता, पण खाली येईना.

"लेकीचं लगीन थाटात करू गं," मालुबाईची जाऊ अक्काताई म्हणाली.

कावळा हलला नाही.

"तुझ्या म्हशीला उपाशी ठेवणार न्हाय."

कावळ्यानं मान फिरवली.

"झाडाचं सांगा की," कुणीतरी सुचवलं. आण्णाप्पानं हात जोडले. "झाड पोटच्या पोरावाणी जपतो."

कावळा पंख साफ करत बसला. ऊन चढलं. भटजी सावलीला सरकले. मागं भरमा मान खाली घालून उभा होता, खुडून हिरवी झालेली बोटं मुठीत दडवून.

आण्णाप्पानं आधी त्याच्याकडं बघितलं, मग बाभळीकडं.

"बरं," तो दात आवळून म्हणाला. "तुझ्या भावाला काय बोलणार न्हाय."

कावळा सरळ पिंडावर उतरला.

"बघा," आण्णाप्पा डोळे पुशीत म्हणाला, "अजून म्हायेरचीच बाजू."