किटलीतला माणूस

लेकीच्या फोटोला तरुण छायाचित्रकारांचं आंतरराष्ट्रीय बक्षीस मिळालं, गल्लीभर कौतुक झालं, पण घड्याळजीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. फोटोत त्याची बायको ओट्यापाशी उभी राहून खळखळून हसत होती. बावीस वर्षांच्या संसारात त्याने तिला असं हसताना एकदाही पाहिलं नव्हतं. “कुणाला बघून हसू फुटलंय तुझ्या आईला?” त्याने लेकीला विचारलं. “बाबा, सगळं फोटोतच आहे. नीट बघा,” म्हणत ती आत निघून गेली. ओट्यावरच्या चकचकीत किटलीत कॅमेरा धरलेली लेक दिसत होती आणि तिच्या मागे कुणीतरी पुरुष. ‘सापडला चोर!’ पुटपुटत घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं. पुरुष पाठमोरा होता, दाराबाहेर पाऊल टाकत होता. हातातल्या पेटीच्या तुटक्या कडीला तांब्याची तार गुंडाळलेली होती. तीच हत्यारांची पेटी उचलून तर घड्याळजी रोज सकाळी दुकानाकडे निघायचा.