निळी मोटार

पुन्हा तीच लांब पीऽऽ. पडदा काळाच. अंगदनं कपाळावर हात मारून घेतला आणि बटन बंद केलं.

आठ दिवस हेच चाललं होतं. बावीस वर्षांपूर्वीचा हा कॉम्प्युटर त्याला आईच्या खोलीत, गोधड्यांच्या चळतीमागं सापडला. जुन्या लुगड्यात नीट गुंडाळलेला. आई, विमलबाई, गेल्या चैत्रात गेली. बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली ती तिकडंच रमली. गेवराईच्या घरात अंगदशी बोलायला भिंतीच उरल्या. एकटा माणूस काय उद्योग काढील, नेम नाही! त्यानं ठरवलं, ही मशीन उभी करायची आणि तिच्यातली मोटारींची शर्यत पुन्हा एकदा खेळायची.

पठ्ठ्यानं काही बाकी ठेवलं नव्हतं. पॉवर सप्लाय बदलला. आतला बटन-सेल नवा घातला. रॅमची पट्टी खोडरबरानं घासून लखलखीत केली, मग जुन्या बाजारातून दुसरीच पट्टी आणली. पण ती पीऽऽ काही थांबेना.

ही मशीन त्यानं आणि त्याच्या दोस्तानं, जीवननं, मिळून जोडलेली. बसस्टँडमागं दोघांचा कॉम्प्युटर क्लास होता. उकाड्यामुळं आडव्या डब्याचं झाकण कायम काढलेलं आणि त्यावर टेबलफॅन सोडलेला. शिकायला येणारे घरी गेले, की दोघं एकाच कीबोर्डवर शर्यत लावायचे. उजवीकडची बटनं अंगदची, तांबडी मोटार. डावीकडची जीवनची, निळी. हरला की अंगद कीबोर्ड आपटायचा. जीवन नुसता हसायचा.

मग ती खंडेनवमी आली. मशीनला हळद-कुंकू लावायचं नाही, अशी अंगदनं आईला सक्त ताकीद दिली होती. जीवनच्या बौद्ध घरात ही पूजा नव्हतीच. तो संध्याकाळच्या गाडीनं दीक्षाभूमीला निघणार होता. अंगद चहा पिऊन आला तर मशीन बंद, आणि जीवन पेचकस घेऊन आत डोकावतोय.

"कुणी हात लावला बे हिला?" अंगद ओरडला.

जीवननं त्याच्या खांद्यावरून मागं बघितलं. "मीच," म्हणाला.

झालं! अंगदनं तोंड सोडलं. मशीनवरून तो जीवनच्या हातावर आला आणि हातावरून जातीवर. जीवननं पेचकस टेबलावर ठेवला आणि निघून गेला, तो कायमचा. मेकॅनिकनं बोर्ड जळालंय म्हणून सांगितलं. अंगदनं नवी मशीन घेतली. आईनं मात्र त्या दिवसानंतर क्लासची पायरी चढली नाही. अंगदला वाटलं, तिचे गुडघे दुखतात.

आता त्यानं बॅटरी पेटवून पुन्हा आत नजर टाकली. रॅमला चार खाचा. पट्टी पहिलीत, बाकीच्या तीन रिकाम्या. रिकाम्या खाचेत कोण कशाला बघतंय? तिसरीच्या तळाशी काहीतरी तांबडं दिसलं. त्यानं सुई घालून ते उकरलं. तांदळाचा दाणा निघाला. कुंकवात भिजवलेली अक्षता, तारांना चिकटून खडा झालेली.

जीवन कशाला अक्षता टाकेल? घरात अक्षता टाकणारं माणूस एकच होतं. खरं सांगायचं तर अंगदला आधी बरंच वाटलं. चूक जीवनची नव्हती, आणि आपलीही नव्हती.

त्यानं खाच स्पिरिटनं पुसली, बटन दाबलं. एक छोटीशी पी वाजली आणि पडदा उजळला. शर्यत सापडली. खेळाडू एक की दोन? सवयीनं त्यानं दोन दाबलं. तांबडी मोटार सुसाट निघाली. निळी रेघेवरच उभी राहिली. तांबडी फेरी मारून आली, तरी निळी तिथंच. अंगद जिंकला, आणि उठून आईच्या खोलीत गेला.

तिथं भिंतीवर पेन्सिलीनं नंबर लिहिलेले होते. डॉक्टर, गॅसवाला, आणि त्यांच्याखाली 'जीवन पाली'. पाली म्हणजे जीवनचं गाव. हा नंबर इथं कसा, असा विचार करायला अंगदला दम कुठला? त्यानं लावलाच.

"कोन?"

"जीवन, मी अंगद. गेवराईचा."

पलीकडं टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग, "बोल."

"आपली मशीन चालू झाली रं! खाचेत अक्षता व्हती. आईची. तू कायबी केलं नव्हतंस."

"ठाऊक हाय. तवाच दिसली व्हती."

"मग सांगितलं कावून न्हाईस?"

"काकू तुझ्या मागं उभ्या व्हत्या. तोंडात पदर धरून. लई कापत व्हत्या."

"आईची चूक रं ती. बावीस वर्षं गेली आपली. तिनं एकदा तरी बोलायला पायजे व्हतं."

"बोलल्या की. दसरा झाल्यावर चौथ्या दिवशी एकट्या पालीला आल्या. माझ्या आईपुढं हात जोडले, आमच्या घरी जेवून गेल्या. तुलाबी सांगते म्हनत व्हत्या. मीच नको म्हनलो. भांडण मशीनचं कुठं ऱ्हायलं व्हतं?"

समोर पडद्यावर निळी मोटार अजून रेघेवरच उभी होती.

"काकूंचं तवाच मिटलं, अंगद," जीवन म्हणाला. "ऱ्हायलंय ते तुझं."