अडलेला खांदा

या, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि सतरंजीवर पुढं सरकून बसा. धंतोलीतल्या एका दवाखान्यातल्या बाळंतपणाची गोष्ट सांगतो. गोड आहे, पण मधात कुणी उठायचं नाही.

बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा आत अडला. डॉक्टर हर्षा रामटेकेनं घड्याळाकडं पाहिलं. दारावर तिच्या नावाची पाटी लागून जेमतेम आठ दिवस झालेले. मोठ्या मॅडम वरच्या मजल्यावर ऑपरेशनमध्ये. हाताशी चार-पाच मिनिटं. तेवढ्यात खांदा सुटला नाही तर बाळ जाणार.

तिनं बाळंतीण प्रीतीचे गुडघे पोटाशी दाबून धरले. नर्स इंदुताईंनी ओटीपोटावर जोर दिला. दोनदा केलं. खांदा हलेना. बाळाचा चेहरा काळानिळा पडू लागला.

"मोठ्या डॉक्टरले बलवा ना जी!" उशाशी उभी असलेली सासू ओरडली. वच्छलाबाई तिचं नाव, कुहीकडची, भाताचं धान पिकवणारी बाई. "हे पोरगी काय करन? हिचंच लगन नाही झालं अजून!"

हर्षानं ते कानाआड केलं. "प्रीती, उलटी हो. हातांवर आणि गुडघ्यांवर ये."

प्रीतीनं टेबलाच्या कडा घट्ट धरल्या. "पडीन मी! नाही होत, नाही होत!"

"टेबलावर अशी कोनी होते का मॅडम?" इंदुताई म्हणाल्या.

हर्षा सासूकडंच वळली. "मावशी, चिखलात वाकून रोपं लावायची ती धानाची रोवणी किती वर्षं केली?"

"आं? चाळीस. पन काहून?"

"मग सुनेला रोवणीला वाकवा. आत्ता! मी मागं उभी आहे."

वच्छलाबाईनं पदर खोचला. पुढचं तिला सांगावं लागलं नाही. सुनेच्या काखेत हात घालून तिनं तिला एका दमात फिरवलं. "ऊठ वं माय! धानाच्या बांधीत हाओत आपन. चिखलात हात रोव. गुडघे टेक, कंबर वर घे. पाय पसर अजून. हां, अशी! मी धरून हाओ तुले."

प्रीती ओणवी झाली. हर्षानं हात आत घातला. आता वरच्या अंगाला आलेला दुसरा खांदा बोटांना लागला. काखेत बोट अडकवून तिनं बेतानं ओढलं, आणि बाळ सर्रकन ओंजळीत आलं.

निपचित.

इंदुताईंनी ते पुसलं, पाठ चोळली, तळपायावर टिचकी मारली. मग बाळानं असा टाहो फोडला, जसा भजनाच्या बुवांनी रंगात येऊन वरचा सूर लावावा आणि सगळा मंडप उठून उभा राहावा.

"पोरगी!" इंदुताई रडता रडता हसल्या.

भिंतीला पाठ लावून हर्षा मटकन खाली बसली आणि हातमोजे न काढताच पोटभर हसली.

बाहेर वच्छलाबाई फोनवर अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी बोलत होती, "अवो, आयका ना! आमच्या डॉक्टरीनबाईनं टेबलावर रोवनी लावली! हो, टेबलावर! नात झाली!"

तर मायबाप हो, ताटात ऊन ऊन भात पडेल तेव्हा पहिल्या घासाआधी वच्छलाबाईच्या रोवणीत वाकलेल्या कमरेची एकदा आठवण करा.