पंचेचाळिसावा दिवस

"हे बघ. डिलिव्हर्ड. तारीखसुद्धा आहे, चौदा मार्च." मारितेसने प्रिंटआउट उल्काच्या चहाच्या कपाशेजारी आपटला. "आणि माझी बहीण म्हणते, बॉक्स आलाच नाही. आता तूच सांग, खोटं कोण बोलतंय? कॉम्प्युटर की नेनिता?"

उल्काने कागदाकडे पाहिलं. हिरवी बरोबरची खूण आणि शेजारी हसरं जहाज. दोन्ही तिनेच काढली होती.

मारितेस खालच्या मजल्यावर राहायची, एका नर्सिंग होममध्ये नर्स होती. दोन वर्षांपूर्वी उल्काच्या बाळंतपणाला यायला नागपूरच्या आईला अमेरिकेचा व्हिसा मिळाला नाही, तेव्हा छोट्या नेत्राला पहिली आंघोळ हिनेच घातली. फिलिपिनो लोक थोरल्या बहिणीला 'आते' म्हणतात. उल्काही तिला आतेच म्हणायची.

त्या बॉक्समध्ये काय काय आहे, ते उल्काला तोंडपाठ होतं. परदेशातला फिलिपिनो माणूस पुठ्ठ्याचा मोठा खोका महिनोन् महिने भरत असतो आणि भरला की जहाजाने घरी पाठवतो. मारितेसचा भरायला आठ महिने लागले. कॉर्न्ड बीफचे डबे, साबण, चॉकलेटं, आईसाठी गुडघ्याचे पट्टे, आणि भाचीच्या शाळेच्या ग्रॅज्युएशनसाठी पांढरे बूट. झाकण बसेना, म्हणून उल्का वर चढून बसली तेव्हा कुठे टेप लागली. "आमच्या क्लायंटकडूनच पाठवा आते, त्यांची साइट मी केलीय, घरबसल्या दिसेल," असं मिरवत सांगणारीही उल्काच.

कार्गोवाल्यांना फिलिपिनो गिऱ्हाइकांना घरची वाटेल अशी साइट हवी होती. उल्काने जीव ओतला होता. त्यांच्या तागालोग भाषेत स्वागत, तिकडच्या जीपनी नावाच्या रंगीत प्रवासी गाडीचं चित्र, फिलिपिनोंच्या आवडत्या फ्रेंडस्टर या सोशल साइटवर पान. फक्त बॉक्स कुठे पोचलाय, हे दाखवायला माहितीच नव्हती. मनिलाचा एजंट काही कळवायचाच नाही.

"तारखेवरून दाखव ना यार," तिचा बॉस प्रताप म्हणाला होता. "दहाव्या दिवशी जहाज, चाळिसाव्या दिवशी मनिला, पंचेचाळिसाव्या दिवशी डिलिव्हर्ड. टेम्पररी आहे. नंतर फिक्स करू."

तात्पुरतं घातलेलं छप्पर किती पावसाळे काढतं, हे काय सांगायला हवं? दीड वर्ष झालं. चौकशीचे फोन निम्म्यावर आले. खूश होऊन क्लायंटने केक पाठवला. उल्काने दोन तुकडे खाल्ले होते.

हे सगळं त्या क्षणी सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण तिच्या ग्रीन कार्डच्या कागदांवर प्रतापची सही व्हायची होती. आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा लाजच जास्त होती.

"मी ऑफिसात विचारते, आते," ती म्हणाली आणि चहा संपवून वर गेली.

विचारलं तिने. "कुणाला काही बोलू नकोस," प्रताप म्हणाला. "येईल बॉक्स. जातो कुठे!"

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी, सोमवारी, तिला राहवेना. ती खाली गेली, त्याच खुर्चीत बसली आणि सगळं सांगून टाकलं. मारितेस बराच वेळ हातातल्या फडक्याने पुसलेलंच टेबल पुसत राहिली.

"काल मी घरी फोन केला," ती म्हणाली. "माझा फोन आला की तिकडे स्पीकर लावतात. सगळे जमतात. आई होती, भाची होती. सगळ्यांसमोर मी नेनिताला चोर म्हटलं."

तिने फडकं घडी करून बाजूला ठेवलं.

"बुधवारी तू इथेच बसली होतीस, उल्का. चहा पीत."

दुसऱ्याच दिवशी उल्काने ती पंचेचाळीस दिवसांची ओळ साइटवरून काढून टाकली. प्रताप चिडला, क्लायंट चिडला, फोन पुन्हा खणखणू लागले. पण सही झाली. ज्या भीतीने ती चार दिवस गप्प बसली, त्यातलं काहीही घडलं नाही.

मारितेस नेनिताची माफी मागायला रोज घरी फोन करायची. फोन आईच घ्यायची. नेनिता बाजारात गेलीय, नेनिता झोपलीय, नेनिता कामात आहे. बुंद से गई वो हौद से नहीं आती म्हणतात, ते जिन्यात उभ्या उल्काला भाषा न कळताही नुसत्या आवाजावरून कळत होतं. मार्च संपता संपता भाचीचं ग्रॅज्युएशन झालं, शेजारणीकडून मागून आणलेल्या बुटांत.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मारितेसने दार वाजवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "खाली ये," एवढंच म्हणाली.

तिच्या कॉम्प्युटरवर ईमेलने आलेला एक फोटो उघडा होता. घराच्या दारात बॉक्स होता. कोपरे चेपलेले, पण टेप जशीच्या तशी, उल्का वर बसली तेव्हा लागलेली. शेजारी भाची उभी होती, पायांत रबरी चपला.

"पोचला!" उल्का म्हणाली. तिला रडूच आलं. "आते, पोचला!"

मारितेसने फोटोखालच्या ओळीवर बोट ठेवलं. उल्काला तागालोग साइटपुरतंच येत होतं. तेव्हा मारितेसनेच ती वाचून दाखवली, पेशंटचा रिपोर्ट वाचावा तशा आवाजात.

"'बॉक्स पोचला. आम्ही कुणी हात लावलेला नाही. तू ये, आणि तुझं सामान मोजून घे.'"