वरचा मजला

नवनीत नोकरीला लागला की वरचा मजला चढवू, म्हणून दोधूअप्पांनी स्लॅबवर सळया उभ्याच सोडल्या होत्या. पोरगा नोकरीला लागला, पण सुरतला.

आज शहाद्यात विकास आराखड्याच्या सभेत साहेब नकाशावर हात फिरवत म्हणाले, "वीस वर्षांत इथे कारखाने येतील, वस्ती दुप्पट होईल."

अप्पा उभे राहिले. "साहेब, मन्हा पोऱ्या सुरतले शे. त्याले बी धरेल शे का यामा?"

साहेब हसले. "धरलाय ना! त्याची पोरंबाळंही धरलीत."

अप्पा धापा टाकत घरी आले. सुरतेत फ्लॅट घेतलेल्या नवनीतने पाठवलेला माणूस गच्चीवर सळयांना कटर लावत होता. अप्पांनी सळयांनाच मिठी मारली.

"कापू नको रे भाऊ! सरकारनी त्याले आठेच, आपला गावमा मोजेल शे!"