शिंपीकाकांच्या वरची खोली

“आई, त्या शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत तुझं कोण राहतं गं?”

भिंगरीने विचारून टाकलं एकदाचं! “हिंमत असेल तर विचार,” असं मैत्रिणींनी चिडवलं होतं. शाळेच्या कॉम्प्युटरवर त्या प्रत्येकीच्या आईबाबांना शोधत बसल्या होत्या. भिंगरीची आई सुईण. सुईणींच्या सरकारी नोंदणीत तिचं नाव, फोटो, पत्ता, सगळं कुणालाही दिसेल असं. पत्ता मात्र भलताच, कुठल्याशा शिंप्याच्या दुकानावरची खोली. तेवढ्यावर मैत्रिणींनी अख्खी मालिका रचली.

आई इतकी हसली की तिच्या हातातली इस्त्री बाबांनी काढून घेतली.

“अगं, ते आमचं पहिलं घर! लाकडी जिना होता. नुसत्या पावलांवरून कळायचं मला, कोण आलंय ते. पहिलटकरणीचा नवरा दोन-दोन पायऱ्या गाळत यायचा. तिसऱ्या खेपेचा आपला सावकाश, वाटेत जांभई देऊन.”

“आणि मी?” बाबा.

“तू खालूनच ओरडायचास. चहा टाक!”

 मग आई अर्धवट इस्त्री झालेल्या बाहीवरून उगाच हात फिरवत राहिली.

घर बदललं तरी तिने नोंदणीतला पत्ता बदलला नव्हता. खाली शिंपीकाका होते ना! कुणी खरंच अडलेलं आलं की काका त्याला इकडे धाडत. आईने आसरा दिलेल्या आपल्या बायकोला शोधत एकदा एक दारुडा आला. “सुईण? ती केव्हाच शहर सोडून गेली,” म्हणत काकांनी मशीन चालूच ठेवलं.

“पण काकांनी दुकान बंद केलंय,” बाबा म्हणाले. “आता पत्ता झाकून टाक. तशी सोय आहे. घरात वयात आलेली मुलगी आहे. कुणीही उठून दारात नको.”

“झाकला तर एखादी अडलेली मला शोधणार कुठे?”

बाबा इस्त्रीची वायर गुंडाळू लागले. 

“झालं तुमचं?” भिंगरी खुर्चीवरून उठली. “मग ऐका, मी ठरवलंय. नोंदणीत इथला पत्ता टाकायचा. बेल वाजली की आधी मी खिडकीतून विचारणार, कोण, कशाला आलात. पटलं तरच आईला हाक. आणि माझ्या परीक्षेत खिडकीत बाबा बसतील.”